संध्याकाळचं पाणी

सोनूबाई बसमधून उतरली तेव्हा पंपघरापाशी बायकांचा घोळका उभा होता आणि पंप बंद होता. साडेपाच वाजून गेले होते. एवढ्या बायका आणि पंपाचा आवाज नाही, म्हणजे एकतर मोटर जळली, नाहीतर आपल्या नवऱ्याला काहीतरी झालं.

नवरा ठीक होता. आत उकिडवा बसून तो पान्याने ग्लँडचा नट आवळत होता. गेल्या वर्षभरात पाच वेळा मागूनही वॉर्ड ऑफिसने पंपाची गळती थांबवणारी नवी पॅकिंगची दोरी दिली नव्हती. म्हणून धोंडिराम जुन्या सुती साडीचे काठ पिळून, ग्रीसमध्ये बुडवून तेच पंपात भरायचा. ती साडी सोनूबाईचीच होती.

"अवो, चालू करा की! बाया खोळंबल्यात," ती दारातून ओरडली.

"करतो. हवा धरलीय त्यानं." धोंडिरामने कोपराने कपाळ पुसलं. ग्रीसचा काळा पट्टा भुवईवर उमटला. त्याने बादलीभर पाणी पंपात ओतलं, हवेचा नट सैल केला, फस्स आवाज झाला आणि मग पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. स्टार्टर दाबल्यावर पंप खोकला, थरथरला आणि एकदाचा लागला. डोंगरावरच्या टाकीकडे पाणी चढू लागलं.

पण बायका हलेनात. त्या पंपघराच्या दारावर चिकटवलेला कागद वाचत होत्या. म्हणजे वाचत होती दर्शना, सोनूबाईची मुलगी, बाकीच्या ऐकत होत्या.

"विभागाच्या पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पीय अंदाजात निधीअभावी एक पंचमांश कपात करावयाची आहे. सबब भीमटेकडी वस्तीसाठी पुढील दोन बाबींपैकी एकाच बाबीचा समावेश करणे शक्य आहे. एक, पंपाची संध्याकाळची पाळी. दोन, बालवाडी. रहिवाशांनी प्राधान्यक्रम विहित नमुन्यात भरून द्यावा." दर्शना थांबली.

"म्हंजे काय गं?" वरच्या गल्लीतल्या राधाने विचारलं. तिच्या कडेवर दोन वर्षांचं पोर होतं आणि हातात रिकामा हंडा.

"म्हणजे पाणी हवं की शाळा, ते सांगा. एकच मिळेल."

सगळ्या सोनूबाईकडे बघायला लागल्या. संध्याकाळचा पंप चालवणारा तिचा नवरा आणि बालवाडी चालवणारी तिची मुलगी. दोघंही कंत्राटी, दोघांचा पगार दर वर्षी त्या वॉर्ड ऑफिसच्या अंदाजपत्रकातल्या एकेका ओळीवर लटकलेला.

"तुला काय, तुज्या घरात दोन पगार येतात," राधा म्हणाली. "एक गेला तरी एक ऱ्हातोय. आमचं पाणी गेलं तर आमी काय प्यायचं?"

सोनूबाईला असं चिडायला झालं, की हातातली पिशवी फेकून मारावी. पण राधाचं चुकत तरी काय होतं? वरच्या गल्लीला सकाळचं पाणी दहा मिनिटंसुद्धा चढत नव्हतं. आणि सकाळी सहाला बायका कामाला खाली उतरलेल्या. भरायचं कुणी?

"बघू काय ते," एवढंच म्हणून ती पायऱ्या चढायला लागली. एकशे बारा पायऱ्या. साठाव्या पायरीवर तिचा उजवा गुडघा रोज बोलायचा, तसा आजही बोलला.

घरी धोंडिराम हातपाय धुऊन जेवायला बसला. भाकरी मोडता मोडता दर्शनाच म्हणाली, "बाबा, मी पाण्याला एक नंबर देणार आहे. उगाच विचार करत बसू नका."

"आन तुजी पोरं?"

"सव्वीस पोरं आहेत. त्यांच्या घरी पाणी नसेल तर ती शाळेत काय नुसती पाटी चाटतील?"

"मी इचारलं पोरांचं, तू सांगती पाण्याचं."

"मग काय सांगू? मला नोकरी राहावी म्हणून सगळ्या डोंगराला तहानलेलं ठेवू? लोक काय म्हणतील, माहितीय?"

"लोकांनी अगोदरच म्हणून झालंय," सोनूबाई मध्ये पडली. "आता दोगं बी जेवा. आन सह्या नीट करा. खाडाखोड केली की बाद करतेत."

धोंडिराम एकोणीस वर्षं त्या पंपघरात होता. त्याला सत्तावन्न लागलं होतं. डाव्या हाताचं एक बोट पट्ट्यात सापडून अर्धं झालेलं. कंत्राटदार सात बदलले, माणूस तोच राहिला. पंप बोलला की त्याला कळायचं, कुठे दुखतंय. दर्शनाची बालवाडी मात्र तीन वर्षांची. समाजमंदिरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने तक्ते स्वतः रंगवले होते. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून धोंडिरामने एका रविवारी छिन्नीहातोडा घेऊन भिंत फोडली आणि खिडकी बसवली. ही त्याची सगळ्यात आवडती गोष्ट. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती खिडकी दाखवायचा.

सभा बुधवारी अकराला होती. बुधवारी अकराला कामावर नसलेला माणूस भीमटेकडीवर शोधून सापडला नसता. तरी पंधरा-वीस जणी खाडा करून गेल्या. सोनूबाई ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची, त्या पार्ल्याच्या उत्तराताईंना तिने सुट्टीसाठी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मला काल तरी सांगायचंस! आज पाहुणे आहेत." सोनूबाईने सभेचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं, जा. दिवसाचे पैसे कापीन हं मात्र." त्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, आता निवृत्त. वाईट बाई नव्हती, पण दिवस कापायची.

वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात पंखे होते, खुर्च्या मात्र थोड्या. पहिल्या रांगा सोसायट्यांच्या लोकांनी भरलेल्या. डोंगरावरच्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अकराची सभा साडेबाराला सुरू झाली. पहिला पाऊण तास कुणा एका सोसायटीच्या अध्यक्षांनी उद्यानातल्या कारंज्यावर घेतला. कारंज्याला रंगीत दिवे असावेत की पांढरे, यावर दोन गट पडले होते.

नंदकुमार साहेब लेखा विभागाचे अधिकारी. पन्नाशीचे, डोळ्यांखाली सूज, शर्टाच्या खिशात तीन पेनं. तीन वर्षं पालिकेची निवडणूकच झाली नव्हती, नगरसेवक नव्हते, त्यामुळे लोकांच्या सगळ्या शिव्या थेट यांच्या अंगावर येत होत्या आणि तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भीमटेकडीची पाळी आली तेव्हा त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलला. "एकूण एकसष्ट नमुने आले. पाण्याला पहिला क्रम, साठ. बालवाडीला पहिला क्रम, एक."

बायकांमध्ये कुजबुज झाली. राधाने दर्शनाकडे पाहिलं. "बघ! सोताचं घोडं फुडं दामटलं!"

"मी नाही," दर्शना म्हणाली. "मी पाणीच लिहिलंय."

"मग कोन?"

नंदकुमार साहेबांनी चष्मा वर केला. नाव वाचायला नको, एवढं त्यांना सुचायला हवं होतं, पण दिवसभरात त्यांनी दोनशे नावं वाचली होती. "धोंडिराम... हे पंपचालक ना तुमचे?"

सगळा डोंगर सोनूबाईकडे बघत होता. ज्याच्या हातात पाणी, त्यानेच पाण्याच्या विरुद्ध सही केली होती. आणि तो माणूस आत्ता खाली पंपघरात बसून निवांत बिडी ओढत असणार.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. पायऱ्यांवर दोघांनी तिला वाट दिली नाही. तिने दारातच चपला भिरकावल्या.

"तुमची अक्कल कुठं गेलती? आं? एकोणीस वर्सं त्या पंपाला पोरासारकं सांबाळलं आन सही करताना काय अंगात आलतं?"

धोंडिरामने सावकाश बिडी विझवली. त्यामुळे ती जास्तच भडकली.

"बोला की!"

"पानी कुटं जातंय," तो हळू म्हणाला. "साठ जनं पान्याला लिवनार, हे मला ठावं व्हतं. पानी ऱ्हानारच व्हतं. म्हनलं, शाळंला येक तरी कागद असावा. येकबी कुनी लिवलं न्हाई असं व्हायला नको पोरीचं."

दर्शना उंबऱ्यावर उभी होती. ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं सोनूबाईला वाटलं. पण पोरगी संतापली होती.

"मी सांगितलं होतं का तुम्हाला? विचारलंत मला? आता सगळे म्हणतात, बापाने पोरीसाठी डोंगर विकला! उद्या कुणी पोर पाठवेल माझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सव्वीसातली अकराच पोरं आली.

डिसेंबर अखेरीला कच्ची यादी लागली. सोनूबाई कामावरून येताना वॉर्ड ऑफिसात गेली आणि फळ्यावरच्या यादीत बोट फिरवत राहिली. पाण्याची ओळ नव्हती. बालवाडीची ओळ नव्हती. तिने पुन्हा वरून सुरुवात केली. नव्हतीच. भीमटेकडीच्या नावापुढे एकच ओळ होती, खालच्या रस्त्यावर स्वागत कमान.

"एक ठेवनार होता ना? मग दोन्ही कशी गेली?" तिने खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं.

"लेखी अर्ज करा. टिप्पणीची प्रत मिळेल."

"तोंडानं सांगा की."

"तोंडाने सांगायचं आमच्याकडे नसतं."

अर्ज केला. आठ दिवसांनी प्रत मिळाली. ती घेऊन सोनूबाई उत्तराताईंकडे गेली. स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली कणीक होती आणि ओट्याला टेकून उत्तराताई चष्मा लावून मोठ्याने वाचत होत्या.

"'सदर वस्तीतील पंपचालक हे गेली एकोणीस वर्षे पंपाचे काम पाहत असून त्यांनी स्वतः संध्याकाळच्या पाळीस दुसरा क्रम दिला आहे. सबब जाणकाराच्या मतानुसार सदर पाळी अत्यावश्यक नाही. बालवाडीस केवळ एका रहिवाशाने पहिला क्रम दिला असल्याने तीही वगळण्यात यावी.' अरे देवा! काय डोकं आहे! हे कुणी लिहिलं?"

सोनूबाईचं लाटणं थांबलं.

"परत वाचा, ताई."

उत्तराताईंनी परत वाचलं. सोनूबाईने पोळी तव्यावर टाकली, ती फुगली, करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ताई, हा 'एका रहिवाशाने' आन वरचा तो 'जाणकार', हे दोगं एकच की. माजाच नवरा."

उत्तराताईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "हे जसंच्या तसं सांग तिथे. आणि सूचना म्हणून नको, हरकत म्हणून लिहून दे. हरकतीला त्यांना उत्तर द्यावंच लागतं." तव्याखालचा गॅस बंद करून त्या म्हणाल्या, "तिथे जाशील त्या दिवशीचा खाडा मी धरत नाही."

हरकतींची सुनावणी जानेवारीत होती, पुन्हा कामाच्याच दिवशी. या वेळी नंदकुमार साहेबांच्या केबिनमध्ये. सोनूबाई, धोंडिराम, दर्शना, आणि साक्षीला म्हणून राधा. राधाने महिनाभर अबोला धरला होता, पण दोन्ही ओळी गेल्यावर ती स्वतःहून आली होती. चौघंही बाहेरच्या बाकावर सकाळी दहापासून बसली. आत गेली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि साहेबांच्या टेबलावर डबा अर्धवट उघडा होता.

"बोला."

सोनूबाईने टिप्पणीची प्रत टेबलावर ठेवली. हात तिने कागदावरच दाबून धरला.

"साहेब, माज्या नवऱ्यानं एक कागद भरला. त्याच्यावर दोन आकडे लिवले. पान्यापुढं दोन लिवलं, ते तुम्ही जाणकाराचं म्हणून धरलं आन पानी काढलं. त्याच कागदावर शाळंपुढं एक लिवलं, ते मात्र एका मानसाचं म्हणून सोडून दिलं आन शाळा काढली. माणूस तोच, सही तीच. जाणकार असंल तर दोन्हीला असंल. नसंल तर कशालाच नसंल. पान्याच्या वक्ताला शाना आन शाळंच्या वक्ताला येडा, असं कसं?"

नंदकुमार साहेबांनी प्रत ओढून घेतली. दोनदा वाचली. डबा बंद केला. टिप्पणीवर खाली त्यांचीच सही होती.

"हे चुकलंय," ते म्हणाले. इतक्या सरळ म्हणाले, की सोनूबाईने लगेच पुढचं मागितलं.

"मग दोन्ही घाला परत."

"दोन्ही नाही होत, बाई. मला दर आठवड्याला वरून फोन येतो, अजून कापा म्हणून. पाच जणांचं काम दोघं करतोय आम्ही इथे."

"आन कमान?" राधा मागून म्हणाली. "आमाला कमान कुनी मागितली?"

"कमान भांडवली खर्चातून आहे. हा महसुली खर्च."

"पैसा येगळा हाय का?"

"पैसा तोच आहे." साहेबांनी डोळे चोळले. "कप्पा वेगळा आहे. त्या कप्प्यातला या कप्प्यात टाकायचा अधिकार मला नाही. असता तर कमान पहिली काढली असती मी. एक बाब परत घेऊ शकतो, एवढं माझ्या हातात आहे. कुठली घेऊ?"

"कागद आलेत ना साठ," सोनूबाई म्हणाली. "ते बघा."

"त्या सूचना होत्या, त्यांची मुदत संपली. आता फाइलवर हरकत एकच आहे, तुमची. हरकतदाराने लिहून द्यायचं, काय हवं ते."

"मी?"

"तुम्हीच."

त्यांनी कोरा कागद आणि खिशातलं एक पेन पुढे सरकवलं. सोनूबाई त्या कागदाकडे बघत राहिली. तिला या माणसाचा, या कागदाचा, या खुर्च्यांचा, सगळ्याचा विलक्षण वैताग आला. एवढी मोठी इमारत, एवढे शिकलेले लोक, आणि शेवटी चौथी शिकलेल्या बाईने ठरवायचं की नवरा घरी बसवायचा की पोरगी.

"शाळा लिव गं," मागून धोंडिराम म्हणाला. "माजं काय, आता ऱ्हायलेत किती दीस."

"तुम्ही गप बसा. एकदा लिवलंत तेवढं लई झालं."

दर्शनाचा श्वास ऐकू येत होता, एवढी ती जवळ उभी होती.

सोनूबाईच्या डोक्यात वरची गल्ली होती, तीस-पस्तीस घरं, पोर कडेवर घेऊन हंडा उचलणाऱ्या बायका. पण तेवढंच नव्हतं. दर्शना चोवीस वर्षांची आहे, तिला कुठेतरी काम मिळेल, आणि ह्यांना या वयात, अर्ध्या बोटाने, कुणी दारात उभं करणार नाही, हाही विचार होता. तो होता याची तिला लाज वाटत होती आणि तो खोटाही नव्हता.

तिने पेन घट्ट धरलं. मागे वळली नाही. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'संध्याकाळचं पाणी'. खाली सही केली.

बाहेर आल्यावर राधाने तिचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. "चुकलं माजं, सोनूबाई. लई बोलले." सोनूबाईने मान हलवली. दर्शना तोवर फाटकाबाहेर पोचली होती. धोंडिराम तिच्या मागे गेला, पण चार पावलं अंतर ठेवून.

मार्चच्या शेवटच्या दिवशी बालवाडी बंद झाली. अकरा पोरांची पुन्हा वीस-बावीस झाली होती, ती रोजच्यासारखी आली, खिचडी खाऊन गेली. दर्शनाने भिंतीवरचे तक्ते काढून गुंडाळले आणि खोलीची किल्ली देऊन टाकली. तो सगळा वेळ धोंडिराम खिडकीबाहेर उभा होता. आत गेला नाही.

एप्रिलमध्ये तिला मालाडच्या एका कपड्यांच्या दुकानात काम लागलं. सकाळी नऊ ते सहा, उभ्यानं. बसायला स्टूल ठेवायची पद्धत नव्हती तिथे. आईशी ती बोलायची, पण कामापुरतं. "डबा दे." "येते." "लाइट बिल भरलं." जानेवारीपासून हे असंच चाललेलं. सोनूबाईला वाटायचं, एकदा भांडून तरी घ्यावं पोरीनं. आदळआपट करावी. पण ती नीट वागायची आणि त्यानेच सोनूबाईचा जीव कावून जायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दर्शना पायऱ्या चढून आली आणि दारातच खाली बसली. सँडल काढता येईना. पाय सुजून पट्ट्यांचे वळ उठले होते, एका टाचेला पाण्याचा फोड आला होता. उन्हाने डोंगर अजून तापलेला होता. खाली पंप चालू होता आणि गल्लीतल्या नळांना धार लागली होती.

सोनूबाईने चुलीवर पाणी ठेवलं, कोमट झाल्यावर पितळेच्या घमेल्यात ओतलं, मूठभर जाडं मीठ टाकलं. लेकीसमोर बसकण मारली, एकेक पट्टा सोडवला आणि दोन्ही पाय पाण्यात ठेवले. दर्शनाने डोळे मिटून घेतले.

सोनूबाई तिच्या पोटऱ्या वरून खाली दाबत होती.

"आई."

"हं."

"त्या दिवशी साहेबांकडे. तू पाणी लिहिलंस, त्याचं मला काही नाही. मी पण तेच लिहिलं असतं." दर्शनाने डोळे उघडले. "पण तू एकदा मागे वळून माझ्याकडे का नाही बघितलंस?"

सोनूबाईचे हात थांबले. उत्तर तिच्याकडे चार महिन्यांपासून होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"बघितलं असतं तर लिवता आलं नसतं," ती म्हणाली.

दर्शना पुढे वाकली आणि तिने आपलं कपाळ आईच्या खांद्यावर टेकलं. तशीच राहिली. घमेल्यातलं पाणी निवत चाललं होतं. सोनूबाईला उठून आणखी गरम ओतायचं होतं, पण ती हलली नाही.